उन्हाळा प्रकल्प २०२५ : गच्चीवरच्या नोंदी

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढ्या उभारून झाल्यावर गच्चीवर बैठक. एरवी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या मीटिंगला कोरम कधी भरत नाही, पण श्रीखंड मिळणार म्हटल्यावर पाचही मजल्यांवरून माणसं आली. ठरलं ते असं. उन्हाळाभर गच्चीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात वाफे आणि कुंड्या. मुलांना, आणि ज्या मोठ्यांना लाज वाटत नाही त्यांना, पोहायला नेणं. आणि रविवारी रात्री गच्चीवर पंगत, ज्यासाठी प्रत्येक घरातून एक माणूस राबणार. जेवण इटालियन.

शेवटचा मुद्दा ताईंचा, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा. दक्षिण इटलीतल्या बारी शहरात त्या नोकरीनिमित्त बरीच वर्षं होत्या, आता कायमच्या परत आल्यात. हॉटेलात पांढऱ्या सॉसमध्ये बुडवलेला पास्ता समोर आला की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यांची अट एवढीच, की आधी पदार्थ ठरवून मग सामान शोधत हिंडायचं नाही. गच्चीत आणि मंडईत जे असेल त्याचंच करायचं. "तिथल्या बायका सकाळी बाजारात जाऊन येतात आणि मग ठरवतात," त्या म्हणाल्या. सी विंगमधल्या काकांनी विचारलं, "म्हणजे पिझ्झा नाही?" नाही. काकांनी वाटी पुढे केली आणि आणखी श्रीखंड घेतलं.

नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

६ एप्रिल, रविवार

दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही, त्यामुळे सगळं काम सकाळी साडेसहा ते आठ. कुंड्या थेट स्लॅबवर ठेवल्या नाहीत. खाली विटा घातल्या, म्हणजे पाणी वाहून जातं आणि वॉटरप्रूफिंगवरून भांडणं होत नाहीत. पश्चिमेकडून ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट बांधली. मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन. रस्त्यावर बदामाची पानं ढिगानं पडतात, ती कुणीतरी पेटवून द्यायच्या आत पोत्यांत भरून वर आणली.

मोठ्या वाफ्याच्या मधोमध एक माठ गळ्यापर्यंत पुरला. मातीचा माठ झिरपतो, आणि भोवतालची माती जितकी कोरडी तितकं पाणी ती ओढून घेते. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं तरी वाफा तग धरतो.

लागवड : काकडी, दुधी, भेंडी, मिरची, बेसिल. टोमॅटो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जानेवारीतच लावले होते, ते कुंड्यांसकट दत्तक घेतले. बेसिलचं महागडं पाकीट आणायच्या आधी एक गोष्ट : फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. जात एकच, वाण निराळे, त्यामुळे वासात फरक पडतो. आम्ही वाण्याकडचा सब्जा एका कुंडीत टाकला आणि ताईंनी आणलेलं जेनोव्हाकडच्या वाणाचं बी शेजारच्या कुंडीत. शेंडे खुडत राहायचं. मंजिरी धरली की पानांची चव उतरते.

१३ एप्रिल, रविवार

मुलांचं पोहणं लांबलं. राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा यंदा २५ एप्रिलपर्यंत चालणार आहेत. चिरंजीव भूगोलाचं पुस्तक डोक्यावर धरून उन्हात उभे राहतात आणि त्याला अभ्यास म्हणतात.

मोठ्यांनी मात्र सुरुवात केली. सकाळची लेडीज बॅच. आमच्या इमारतीतून काकू, मी, दुसऱ्या मजल्यावरची नवी सून, आणि सगळ्यांच्या आधी पिशवी भरून दारात उभ्या असलेल्या आई, माझ्या सासूबाई. वय अडुसष्ट. त्या माहेरी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकल्या. लग्नानंतर पाण्यात पाऊल नाही. अंगभर पोशाख, टोपी, आणि टोपीखाली अंबाडा मावेना म्हणून तिथेच सोडून दोन वेण्या घातल्या.

शिकवणाऱ्या बाई नवीन लोकांना पहिले काही दिवस हातपाय मारूच देत नाहीत. छाती भरून श्वास घ्यायचा, मान मागे टाकायची, पोट वर. फुप्फुसं भरलेली असली की बहुतेक माणसं पाण्याहून किंचित हलकी होतात, बुडायला घाबरण्यानंच जास्त मदत होते. नवी सून दोन्ही हातांनी दांडा धरून "मॅडम, सोडू नका हं" म्हणत होती. आई तोवर पलीकडे निघून गेल्या होत्या. डोकं पूर्ण वर, हनुवटी पाण्याला टेकलेली, पाय बेडकासारखे. मध्येच थांबून उताण्या झाल्या आणि तशाच तरंगत राहिल्या. बाईंनी विचारलं, आजी, कुठे शिकलात? "विहिरीत. तिथं दांडा नव्हता."

इमारतीतली जुनी मंडळी पोहायला शिकली ती टिळक तलावात किंवा सरळ पर्वतीकडून वाहणाऱ्या मुठा कालव्यात. कालव्यात उतरायला मनाई आहे आणि असावीच. कडा निसरड्या, ओढ जबर. काका मात्र कालव्याचा विषय निघाला की अजून सूर मारल्याचा अभिनय करून दाखवतात. मुटका नाही, सूर. तो फरक त्यांच्या लेखी फार महत्त्वाचा आहे.

२० एप्रिल, रविवार

टोमॅटोंनी हात वर केले. झाडं कमरेएवढी, फुलं भरपूर, आणि रोज सकाळी पिवळी फुलं देठासकट मातीवर पडलेली. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत आणि झाड फूल टाकून देतं. पारा तर चाळिशीला टेकतोय. सावली वाढवली, सकाळी फुलांच्या देठांना टिचक्या मारून पाहिल्या. जानेवारीतल्या लागवडीची फळं मार्च-एप्रिलच्या सुरुवातीला येऊन गेली तीच खरी. आता हाती फार लागायचं नाही.

म्हणजे आजच्या पंगतीचा पान्झानेला अडला. इटलीतल्या तोस्काना प्रांताकडचा हा पदार्थ शिळ्या पावाचा : पाव भिजवून पिळायचा, त्यात कांदा, काकडी, टोमॅटो, बेसिल, व्हिनेगर, तेल. काकडी उतरली होती, कांदे होते, टोमॅटो मूठभर. ताई वाफ्याजवळ उभ्या राहून काय करावं याचा विचार करत होत्या. आईंचं लक्ष नव्हतंच, त्या माठाच्या कडेनं उगवलेला घोळ उपटून पदरात घेत होत्या. संध्याकाळी डाळ घालून भाजी करू म्हणाल्या.

ताईंनी त्यांच्या हातातली एक काडी घेतली, पान चावलं आणि हसायलाच लागल्या. टोमॅटो अमेरिकेतून आला. इटलीतल्या लिखाणात तो सोळाव्या शतकात, १५४४ च्या सुमाराला पहिल्यांदा दिसतो, आणि रोजच्या स्वयंपाकात रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. त्याआधीचा पान्झानेला कांद्याचा. कांदा, काकडी, आणि घोळ. फ्लॉरेन्सकडे त्या काळात हेच पावाबरोबर खात. आमचा टोमॅटो नसलेला पान्झानेला हा जुगाड नव्हता, तो जुना पाठ होता.

करून पाहणाऱ्यांसाठी : आपला मऊ पाव इथे चालत नाही, त्याचा लगदा होतो. कॅम्पातून ब्रून पाव आणला, दोन दिवस उघडा ठेवून कडक केला, पाण्यात बुडवून लगेच पिळला. कांदा पातळ चिरून अर्धा तास व्हिनेगरच्या पाण्यात. काकडी सालासकट. घोळाची कोवळी टोकं कच्चीच, धुऊन. शेवटी बेसिल हातानं तोडून. तेल ताईंच्या डब्यातलं ऑलिव्हचं. एका ताटात काकूंनी घाण्यावरचं शेंगदाण्याचं घालून पाहिलं, ते ताट आधी संपलं, ही नोंद ताईंना दाखवायची नाही.

घोळ सकाळी खुडला तर जास्त आंबट लागतो. पाण्याचा ताण पडला की हे झाड दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं, रात्री हवा आत घेतं आणि ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. दिवसभरात ते आम्ल वापरलं जातं. सात वाजता आणि संध्याकाळी सहाला खुडलेली पानं मुलांना डोळे मिटून चाखायला दिली, दोघांखेरीज सगळ्यांनी बरोबर ओळखली. आणि खबरदारी : काडी मोडून पाहायची. पांढरा चीक आला तर तो घोळ नव्हे, दुसरंच तण आहे, टाकून द्यायचं.

२७ एप्रिल, रविवार

परीक्षा संपल्या. काल संध्याकाळपासून जिन्यात आवाजच आवाज.

आज कुरडया. गहू तीन दिवस भिजत होते, रोज पाणी बदलून. पहाटे चीक शिजवला, साडेसहाला सोऱ्या घेऊन सगळ्या वर. ही आईंची आणि काकूंची सत्ता. आम्ही प्लॅस्टिक धरणाऱ्या. नऊपर्यंत निम्मी गच्ची पांढरी झाली होती आणि मुलांचं गरम चीक खाऊन झालं होतं.

मग ताईंनी सावलीत पाट मांडला. बन्सी रवा, म्हणजे पास्त्याला लागणारा तोच ड्युरम गहू. दुकानात मिळतो तो भरड असतो, मिक्सरमधून फिरवून चाळून घेतला. ४०० ग्रॅम रव्याला साधारण २०० मिली कोमट पाणी. अंडं नाही; अंड्याचा पास्ता उत्तरेकडचा, दक्षिणेत रवा आणि पाणी. दहा मिनिटं तळहाताच्या टाचेनं मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. करायच्या होत्या ओरेक्किएत्ते, म्हणजे छोट्या वाट्यांसारखा पास्ता. बारीच्या जुन्या भागात बायका दारात टेबलं टाकून हे वळत बसतात, गप्पा मारत, हाताकडे न बघता.

ताईंनी करंगळीएवढी वळी केली, नखाएवढा तुकडा कापला, सुरीच्या टोकानं ओढला आणि अंगठ्यावर उलटा केला. छोटीशी वाटी झाली, वरून खरखरीत. सॉस धरायला तो खरखरीतपणाच हवा. आम्ही करायला गेलो. तुकडे फाटले, चिकटले, एकाची तर शंकरपाळी झाली. आई कुरडयांवर फडकं टाकून आल्या, दोन मिनिटं पाहिलं. सुरी बाजूला ठेवली. गोळी पाटावर, अंगठ्याचं नख टेकवून एक झटका. वाटी तयार. दुसरी. तिसरी. त्यांच्या लहानपणी लग्नघरात रुखवतासाठी गव्हले, मालत्या, नखुल्या वळायला बायका जमायच्या, तोच हात. ताई बघत राहिल्या. "आई, हे मला बारीत शिकायला वर्ष लागलं." आईंचं लक्ष पाटावर. "मग मला विचारायचंस."

तिथे ओरेक्किएत्तेबरोबर कडवट पालेभाजी घालतात. आम्ही मंडईतून मुळ्याचा पाला आणला. पाणी एक लिटर, मीठ १० ग्रॅम, पास्ता १०० ग्रॅम या हिशेबानं मोठं पातेलं. त्याच पाण्यात आधी पाला, मग पास्ता. तेलात लसूण आणि लाल मिरची, त्यात पाला, पास्ता आणि पळीभर ते पिठूळ पाणी. चीज नाही. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या द्रव्यानं जमवतात, त्यामुळे शाकाहारी घरांत चालायचं नाही. त्याजागी दक्षिणेतल्या गरीब घरांत करतात ते केलं : शिळ्या पावाचा चुरा लसणीबरोबर तेलात कुरकुरीत परतून वरून. मुलांनी चुरा नुसताच संपवला.

२९ एप्रिल, मंगळवार

मुलांची पोहण्याची बॅच सुरू. तलावावर जत्रा. सरांनी आधी सगळ्यांना शॉवरखाली उभं केलं आणि कारण सांगितलं : तलावाला येतो तो उग्र वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्यं तयार होतात, वास त्यांचा, डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळे. पोरांनी एकमेकांकडे संशयानं पाहिलं. परत येताना रिक्षात दुसरा विषय नव्हता.

४ मे, रविवार

बाटल्यांचा दिवस. दक्षिण इटलीत ऑगस्टमध्ये सगळं कुटुंब जमतं आणि वर्षभराचा टोमॅटोचा रस, पासाता, बाटल्यांत भरून ठेवतं. आपला ऑगस्ट म्हणजे छत्र्या, म्हणून मे. गच्चीतल्या टोमॅटोंवर विसंबण्यात अर्थ नव्हता. काकांनी ओळखीनं नारायणगावच्या बाजारातून लांबट, गराचे, कमी रसाचे टोमॅटो आणवले. क्रेटमध्ये वीसेक किलो, असे दोन.

वेसुव्हियसच्या पायथ्याच्या ज्वालामुखीच्या मातीत पिकणाऱ्या सान मार्झानो टोमॅटोचं ताई फार कौतुक करतात. इंजिनिअरिंगला असलेला पहिल्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, ताई, आपलं सगळं दख्खनचं पठारच लाव्ह्याचं आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. ताईंनी त्याला टोमॅटो धुवायला बसवलं.

कामाची विभागणी आपोआप झाली. मुलं धुणार आणि देठ काढणार, पुरुष मंडळी चिरणार, आम्ही शेगडीपाशी. टोमॅटो नुसते मऊ होईस्तोवर शिजवायचे, मसाला काही नाही. मग साल-बिया वेगळ्या करायला ताई यंत्र शोधायला लागल्या, तिथे खास मिळतं म्हणे. काकू खाली गेल्या आणि पुरणयंत्र घेऊन आल्या. बारीक जाळी लावली, हँडल फिरवलं, खाली गुळगुळीत लाल रस, वर सालपटं. चार घरांतून चार पुरणयंत्रं आली आणि मुलांत शर्यत लागली. भिंतीवर अजून डाग आहेत.

रस पुन्हा उकळून निम्म्याच्या वर आटवला. उकळलेल्या बाटल्यांत प्रत्येक लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस. टोमॅटोचा आंबटपणा कमी-जास्त असतो आणि आम्लता पुरेशी नसली तर बंद बाटलीत घातक जंतू वाढू शकतात, इथे अंदाजपंचे चालत नाही. प्रत्येक बाटलीत बेसिलचं एक पान. झाकणं लावून, तळाशी फडकं घातलेल्या पिंपात बाटल्या पूर्ण बुडवून चाळीस मिनिटं उकळल्या. एक तडकली. गार झाल्यावर झाकणाचा मधला भाग आत ओढला गेला का ते बोटानं दाबून पाहिलं; जी झाकणं वरखाली झाली त्या बाटल्या फ्रीजमध्ये, या आठवड्यात संपवायच्या.

रात्री त्यातलाच रस, लसूण, पास्ता. कुणी काही बोललं नाही, ताटं पुसली.

११ मे, रविवार

संध्याकाळी वळीव. दुपारीच आभाळ भरून आलं, पंगत जिन्यात. दुधी उतरायला लागलाय. तेलात कांदा, दुधीच्या फोडी, बेसिल आणि मोडलेली स्पागेत्ती, पातळसर. आईंनी "वरणफळं" म्हणून जाहीर केलं. ताईंनी वाद घातला नाही.

१८ मे, रविवार

पावसानं ऊन मऊ झालंय, पण उकाडा आहे. आज स्वयंपाकच नको म्हणून ग्रॅनिता. मूळ सिसिलीचा, खरवडलेल्या गोड बर्फाचा पदार्थ. पूर्वी एत्ना डोंगरावरचं बर्फ उन्हाळ्यापर्यंत साठवून ठेवत आणि त्यापासून करत. इकडे लिंबं महाग आणि कैऱ्या फुकट, म्हणून उकडलेल्या कैरीचं पन्हं, नेहमीपेक्षा अंमळ गोड. साखर-गुळामुळे पाणी दगडासारखं गोठत नाही. कमी घातलं तर निव्वळ बर्फ, फार घातलं तर जमतच नाही. पसरट स्टीलच्या डब्यात फ्रीजरला ठेवायचं आणि दर अर्ध्या तासानं काट्यानं खरवडायचं. वेलदोडा आणि केशर यावर इमारतीत दोन तट पडले. काळं मीठ घातलेला तिसरा डबा, सून माहेरून शिकून आली होती तो, सगळ्यात आधी रिकामा झाला.

टोमॅटोला नवी फुलं. एक-दोन ठिकाणी फळ धरलंय, वाटाण्याएवढं. उष्मा उतरला हे त्यांना आमच्याआधी कळलं.

भेंडीवर मावा. निंबोळी अर्क, संध्याकाळी ऊन उतरल्यावर.

२६ मे, सोमवार

मान्सून पुण्यात पोचल्याचं हवामान खात्यानं आज जाहीर केलं. नेहमी जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. उन्हाळा प्रकल्पाचा उन्हाळाच संपला.

सकाळी सगळे वर. शेडनेट सोडली, नाहीतर पाणी साठून बांबू वाकतात. माठाच्या तोंडावर घट्ट झाकण, डास नकोत. आच्छादनाची पानं बाजूला सारली. उन्हात ती ओल धरतात, पावसात बुरशी. बेसिलच्या कुंड्या पत्र्याखाली. काकडीचा वेल काढला, शेवटच्या जून काकड्यांचं थालीपीठ. कुरडया सुदैवानं एप्रिलमध्येच वाळून डब्यात गेल्या आहेत. ज्यांनी "मेमध्ये करू" म्हटलं होतं त्या बी विंगकडून डब्यांची विचारणा सुरू झाली आहे.

१ जून, रविवार

पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून शेवटची पंगत. पासाताच्या बाटल्या घरटी वाटल्या. झाकण फुगलेलं दिसलं किंवा उघडताना फसफसलं तर चाखूनही न पाहता फेकून द्यायचं, हे मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक बाटलीला चिकटवलं.

ओरेक्किएत्ते आता मुलं वळतात. आकार जमत नाही त्यांच्या गोळ्या आई मुकाट्यानं उचलून पुन्हा झटका देतात. ताईंनी दक्षिणेतली आणखी एक पद्धत काढली आहे : खपली गहू. तिकडे फार्रो म्हणून मिळतो तो हाच, आपल्याकडे सांगली-साताऱ्याकडून येतो, आपण त्याची खीर करतो. त्या तो रात्रभर भिजवून शिजवतात आणि घोळ-कांदा घालून सॅलड करतात. शेजारी आईंनी खिरीला म्हणून त्यातलाच अर्धा बाजूला काढून ठेवला होता, त्यावरून दोघींत थोडं झालं.

हिशेब काकूंकडे आहे, ज्यांचे पैसे राहिलेत त्यांना माहीत आहे. जूनची गच्चीची पाळी ए विंगची. शाळा १६ तारखेला उघडणार, तोवर मुलांची बॅच चालू. ढग गडगडले की सर सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात, तेव्हा छत्री आणि कोरडे कपडे जवळ असू द्या. आईंनी लेडीज बॅचची जूनची फी परस्पर भरून टाकली आहे. पावसात जायचं नाही हे त्यांना कुणी सांगायचं, यावर घरात अजून कुणी पुढे आलेलं नाही.